तो दात, ती जीभ, ते रक्त

वाशिममध्ये माझ्याकडे जर्मन शिकायला येतात त्या बहुतेक नर्सिंग केलेल्या मुली. कोणी रिसोडकडची, कोणी मानोऱ्याची, कोणी कारंज्याहून एसटीनं येणारी. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, 10,000 तरुणांना तिकडे काम मिळण्याची चर्चा झाली आणि आमच्या भागातही जर्मनचं नाव घरोघरी पोचलं. नर्स म्हणून तिथं पूर्ण मान्यता हवी तर भाषा साधारण बी-2 पातळीपर्यंत यावी लागते. म्हणजे पोरींना खरोखरच शिकायचं असतं, नुसतं नाव नोंदवायचं नसतं.

पहिल्याच आठवड्यात देर, दी, दास हे तीन शब्द समोर येतात. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं आणि ते या आर्टिकलवरून कळतं: देर पुल्लिंगी, दी स्त्रीलिंगी, दास नपुंसकलिंगी. इंग्रजीतून लिहिलेली पुस्तकं हा धडा एखाद्या संकटासारखा मांडतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘द’, म्हणून त्या लेखकांना तीन रूपं भयंकर वाटतात. मार्क ट्वेननं 1880 साली जर्मन भाषेवर एक अख्खा लेख लिहिला, त्यात मुलीला नपुंसकलिंग का, ही त्याची मोठी तक्रार होती.

मराठी मुलीनं ही तक्रार उसनी घेण्याचं काहीएक कारण नाही. आपल्या वऱ्हाडात पोट्टा, पोट्टी आणि पोट्टं असे तिन्ही रोज तोंडात असतात. जितीजागती मुलगी समोर उभी असताना आपण ‘ते पोट्टं कुठं गेलं’ असं सहज विचारतो. जर्मनमध्येही तसंच. ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, म्हणून मुलगी म्हणजे दास मेडशेन. हे सांगितलं की वर्गात कोणालाच नवल वाटत नाही.

संस्कृतातली तीन लिंगं मराठीनं राखली, हिंदीनं दोनच ठेवली, बंगालीनं ती सोडून दिली. इंग्रजीतूनही ती मध्ययुगात गेली, जर्मनमध्ये टिकली. मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशात नामापुढं त्याचं लिंग छापलेलं असे. परक्या माणसाला मराठी शिकायची तर ते लागतंच. आज आमच्या मुली त्याच जागी आहेत, फक्त लिंग म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायला लागत नाही.

अर्थात मराठीतलं लिंग जर्मनमध्ये जसंच्या तसं चालत नाही. मी फळ्यावर शरीराचे अवयव लिहिते, कारण नर्सला तेच आधी लागतात. दात: देर त्सान. जीभ: दी त्सुंगे. रक्त: दास ब्लूट. हृदय: दास हेर्त्स. इथपर्यंत जुळतं, मुली खूश होतात. मग हात येतो, तो दी हांड निघतो. नाक दी नाझे, डोळा दास आउगे, कान दास ओर. म्हणून माझा नियम एकच: वहीत नाम एकटं लिहायचं नाही. ‘नाझे = नाक’ असं लिहिलेलं मी खोडायला लावते; ‘दी नाझे’ असंच लिहायचं आणि तसंच मोठ्यानं म्हणायचं.

काही शब्दांचं लिंग मात्र त्यांच्या शेवटावरून ओळखता येतं. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ या प्रत्ययांनी बनलेली नामं स्त्रीलिंगी. दवाखान्यातली निम्मी शब्दसंपदा यातच बसते की काय असं वाटतं: तपासणी, लसीकरण, रक्तस्राव हे सगळे ‘उंग’वाले, आजार ‘हाइट’वाला. जोडशब्दात शेवटच्या पदाचं लिंग चालतं. देव पुल्लिंगी, पण देवघर नपुंसकलिंगी. तसंच हाउस नपुंसकलिंगी म्हणून दवाखाना दास क्रांकेनहाउस. हांड स्त्रीलिंगी असली तरी शू पुल्लिंगी, म्हणून हातमोजा देर हांडशू.

खरी कसोटी विभक्तीत लागते. मराठीत दात, दाताला, जीभ, जिभेला. प्रत्ययाआधी नामाचंच सामान्यरूप होतं. जर्मनमध्ये नाम बहुतेक वेळा तसंच राहतं आणि बदलतं ते आर्टिकल. ‘मी पेशंटला मदत करते’ याला इश हेल्फे देम पात्सिएंटेन. इथं देरचं देम झालं, आणि पात्सिएंट हा शब्द अपवादातला असल्यानं त्याचंही शेपूट बदललं, अगदी आपल्या सामान्यरूपासारखं. पेशंट बाई असेल तर इश हेल्फे देर पात्सिएंटिन. बाईला ‘देर’ कसं, असं मुली लगेच विचारतात, आणि विचारायलाच हवं. चतुर्थीसारख्या त्या रूपात स्त्रीलिंगी ‘दी’चं ‘देर’ होतं. मूळ लिंग पक्कं ठाऊक नसेल तर इथं पाय घसरतो. आर्टिकल म्हणजे केवळ घोकंपट्टी म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही: कोण कोणाला मदत करतंय हे वाक्यात आर्टिकलच सांगतं.

तिथं गेल्यावरही सगळं पुस्तकासारखं ऐकू येईल असं नाही. लोण्याला प्रमाण जर्मनमध्ये दी बुटर, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या श्वाबी बोलीत कित्येक जण देर बुटर म्हणतात. आपल्याकडेही ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ दोन्ही चालतात, ‘बाग’ तर पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही. परीक्षेत प्रमाण रूप लिहावं, वॉर्डात कानावर पडेल ते समजून घ्यावं.

जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मनचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. या मुलींच्या हाती मराठीतून लिहिलेलं जर्मन व्याकरण द्या. त्यात प्रत्येक नामापुढं आर्टिकल असू द्या, शेजारी मराठी अर्थ आणि त्याचं लिंग असू द्या. ज्यांच्या भाषेत तीन लिंगं आहेत, त्यांना एकही नसलेल्या भाषेतून ती शिकवणं हा लांबचा रस्ता आहे, आणि माझ्या वर्गातल्या कित्येकींना ड्युटी सांभाळून शिकावं लागतं.