विमान डावीकडेच का पळतं?

“मामा, माझी जॉयस्टिक बिघडली!”

फोनवर भाचा अगदी रडवेला झाला होता. स्वारी सातवीत आहे. वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून त्यानं ती जॉयस्टिक घेतली, त्याला अजून महिनाही झाला नव्हता. घरच्या कॉम्प्युटरवर तो विमान उडवतो, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर हो! २००६ साली आलेलं मायक्रोसॉफ्टचं ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ त्याच्याकडे आहे. त्यांचा जुना कॉम्प्युटर तेवढंच पेलतो.

तर तक्रार अशी, की जुहूच्या धावपट्टीवर सेसना १७२ उभी करायची, थ्रॉटल पुढं सारायचा, की विमान निघालंच डावीकडे. थेट गवतात! जॉयस्टिक उजवीकडे कितीही वाकवा, ढिम्म फरक नाही. बाबा म्हणत होते, दुकानात परत नेऊ. तोवर याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आलेला.

“थांब! उघडू नकोस,” मी ओरडलोच. एकदा उघडलेली वस्तू कुठला दुकानदार परत घेतो?

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. पहिला प्रश्न विचारला, “काल-परवा सेटिंगमध्ये काही हलवलंस का?”

“काही नाही. फक्त सगळं खऱ्यासारखं केलं.”

हे ‘फक्त’ भारी होतं, बरं का! पडद्यावर पाहिलं तर टॉर्क, पी-फॅक्टर, जायरो असे तिन्ही सरकते खटके त्यानं टोकाला उजवीकडे नेलेले. शिवाय ‘ऑटोरडर’समोरची खूण काढून टाकलेली. म्हणजे इतके दिवस कॉम्प्युटर गुपचूप त्याच्या वतीनं सुकाणू सांभाळत होता, आणि काल यानं त्याला सुट्टी दिली. पण मामा म्हणतो म्हणून कशाला मानायचं? आम्ही तपासून बघायचं ठरवलं.

आधी वारा बंद केला. डावीकडून वारा असला तरी विमानाचं नाक वाऱ्याकडे वळतं, आणि मग दोष कुणाचा ते कळत नाही. मग ग्लायडर घेतलं, म्हणजे इंजिनच नसलेलं विमान. ते हवेतच सुरू केलं आणि जॉयस्टिक सोडून दिली. ग्लायडर शहाण्या मुलासारखं सरळ! जॉयस्टिकमध्ये खोट असती तर तेही डावीकडे गेलं असतं.

मग सेसना तीन हजार फुटांवर नेली. विमानात एक वाकडी काचेची नळी असते, तिच्यात काळी गोटी. विमान नीट नाकासमोर चाललं असेल तर गोटी मध्ये राहते, शेपूट एका अंगाला घसरत असेल तर गोटी बाजूला पळते. पूर्ण थ्रॉटल देऊन नाक वर केलं, तर गोटी उजवीकडे गेली. थ्रॉटल मागं ओढून नाक खाली केलं, तर गोटी हळूहळू मध्यावर परत. दोन-तीनदा करून बघितलं, तेच! इंजिनच्या जोराबरोबर ओढ कमीजास्त होते, म्हणजे चोर जॉयस्टिकमध्ये नाही, पंख्यात आहे.

हा पंखा म्हणजे प्रोपेलर. सेसनाचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. इंजिन १८० अश्वशक्तीचं. तेवढ्या जोरानं पंखा उजवीकडे गरगरला, की विमानाचं अंग उलट्या बाजूला कलंडू पाहतं. खोटं वाटत असेल तर रबरबँडवर उडणारं हलकं खेळण्यातलं विमान आणा. पंखा फिरवून रबर पिळा, पंखा बोटांत घट्ट धरा आणि विमान सोडा. आता विमानच गरगर फिरेल! हाच तो टॉर्क. धावपट्टीवर सेसना कलंडू शकत नाही, तिची चाकं जमिनीवर असतात. पण डावं चाक जास्त दाबलं जातं, जास्त घासतं, आणि विमान डावीकडे ओढलं जातं.

दुसरं कारण हवेचं. पंख्यानं मागे फेकलेली हवा सरळ जात नाही, स्प्रिंगसारखी विमानाला वेढे घालत जाते आणि शेपटाच्या उभ्या पंखावर डाव्या अंगानं आदळते. शेपूट ढकललं गेलं उजवीकडे, म्हणजे नाक आपोआप डावीकडे.

तिसऱ्याचं नाव पी-फॅक्टर. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. विमानाचं नाक वर असताना पंखाही मागे कललेला असतो. अशा वेळी उजव्या बाजूनं खाली येणारं पातं हवा जास्त कापतं आणि डावीकडून वर जाणारं कमी. होडीत उजव्या बाजूचा नावाडी जोरात वल्हवू लागला तर होडी कुठे वळेल? डावीकडेच की! म्हणून सेसनाचं नाक ताशी ५५ नॉटच्या सुमारास वर उचललं, की ओढ एकदम वाढल्यासारखी वाटते.

चौथं कारण भोवऱ्याचं, पण ते शेपटाखाली चाक असलेल्या विमानांना जास्त छळतं. सायकलचं सुटं चाक मिळालं तर आसाची दोन्ही टोकं हातांत धरा, मित्राला चाक फिरवायला सांगा आणि आस तिरका करून बघा. चाक भलत्याच दिशेला झटका देतं. धावताना शेपूट वर उचललं की फिरणारा पंखाही असाच झटका देतो, आणि सेसनासारखा फिरणारा पंखा असेल तर तो डावीकडेच. चारही कारणं एकाच बाजूला, बिचाऱ्या वैमानिकानं काय करावं!

राइट बंधूंनी यावर पहिल्याच विमानात तोड काढली होती. १९०३ सालच्या त्यांच्या विमानाला दोन पंखे होते आणि ते सायकलसारख्या साखळ्यांनी फिरत. त्यातली एक साखळी त्यांनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पीळ देऊन बसवली. झालं, एक पंखा एका दिशेला आणि दुसरा उलट! ओढीला ओढ परस्पर वजा. सायकल दुकानदारांचं डोकं, दुसरं काय.

पण एकच इंजिन, एकच पंखा असेल तर ही युक्ती चालत नाही. दुसऱ्या महायुद्धातलं कोर्सेअर हे अमेरिकी विमान घ्या. दोन हजार अश्वशक्तीचं इंजिन आणि अवाढव्य पंखा. वेग कमी झाला की त्याचा डावा पंख आधी दगा द्यायचा. उपाय कसला, तर उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटीशी पट्टी. तिच्यामुळे उजवा पंखही डाव्याच्याच सुमारास मान टाकू लागला. चांगल्या पंखाला थोडं वाईट करून विमान सुधारलं!

आता मुद्द्याचं. ओढ खरी आहे, मग तिला आवरायचं कसं? पायांनी. खऱ्या विमानात पायाखाली दोन पेडल असतात, त्यांनी शेपटाचं सुकाणू म्हणजे रडर हलतं. जॉयस्टिक नुसती डावी-उजवीकडे वाकवली तर पंखांवरच्या झडपा हलतात, जमिनीवर त्यांचा दिशेला काही उपयोग नाही. भाचा नेमकं तेच करत होता. रडरसाठी दांडा स्वतःभोवती पिळावा लागतो. जॉयस्टिक नसेल तर कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांची बटणं असतात, तिथलं शून्य म्हणजे डावं रडर आणि एंटर म्हणजे उजवं. पाचानं रडर मध्यावर येतं. पालकांनो, महागडी पेडल घ्यायलाच हवीत असं मुळीच नाही.

थ्रॉटल धाडकन पुढं ढकलू नका. तीन-चार सेकंद घेऊन हळूहळू द्या आणि त्याच बेतानं उजवं रडर वाढवा. नाक वळल्यावर नाही, वळायच्या आधी. एकदा हवेत गेलात की गोटी बघा. गोटी ज्या बाजूला, त्या बाजूचा पाय दाबायचा.

“मग ट्रिम कशाला असतं?” भाच्यानं विचारलं. त्याला वाटत होतं, ट्रिम फिरवलं की सगळं आपोआप सरळ.

ट्रिम ही पायाला आराम देणारी सोय आहे. वळणं घेण्यासाठी ते नाही. बऱ्याच विमानांत रडरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते. ती एका बाजूला वळवली की हवाच रडरला उलट्या बाजूला धरून ठेवते, पाय दाबून बसावं लागत नाही. बहुतेक सेसना १७२ मध्ये ही पट्टी फक्त जमिनीवर मेकॅनिक वाकवून देतो, आणि तीही सरळ, समान उंचीवर उडण्याच्या बेतानं. वर चढताना पाय दाबावाच लागतो. थोरल्या सेसना १८२ मध्ये मात्र त्यासाठी वैमानिकाजवळ चाक असतं. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ लढाऊ विमानात तसं चाक नव्हतं. बसा पाय ताणून!

आपल्या खेळात कंट्रोल दाबून तीच शून्य आणि एंटरची बटणं वापरली की रडरचं ट्रिम हलतं. पण घरच्या जॉयस्टिकची एक खोच आहे. खऱ्या विमानात ट्रिम लावलं की पेडल तिथंच राहतं, फक्त पायावरचा दाब कमी होतो. घरी जॉयस्टिकची स्प्रिंग दांड्याला नेहमी मध्यावरच ओढते. म्हणून आधी दांडा पिळून गोटी मध्ये आणा, मग एकेक टिचकी ट्रिम द्या आणि तेवढाच पीळ सैल करत जा. दोन्ही एकदम ठेवलं तर गोटी डावीकडे पळेल. आणि उंचीवर पोचून इंजिन कमी केलंत की दिलेलं ट्रिम काढायला विसरू नका. आम्ही विसरलो आणि बराच वेळ तिरके उडत राहिलो.

खरी परीक्षा उतरताना. धावपट्टी जवळ आलीय, वेग कमी आहे आणि काही चुकलं म्हणून पुन्हा वर जायचं ठरलं. अशा वेळी घाबरून पूर्ण थ्रॉटल दिला आणि पाय विसरला, तर नाक डावीकडे जातं, डावा पंख खाली पडतो आणि जमीन तर अगदी खालीच असते. कॉम्प्युटरवर पुन्हा सुरू करता येतं. खऱ्या वैमानिकांना हे शिकवताना प्रशिक्षक शेजारी बसतो, ते यासाठीच.

भाच्यानं आधी तिन्ही खटके निम्म्यावर आणले, वारा बंदच ठेवला आणि जुहूवरून उडाला. पहिल्यांदा थोडं डावीकडे, दुसऱ्यांदा रडर जास्त झालं म्हणून उजवीकडे, चौथ्या खेपेला मधल्या पांढऱ्या रेषेवरून सरळ समुद्राकडे! जॉयस्टिकचे स्क्रू जागच्या जागी राहिले. जाता जाता मी त्याला स्पिटफायरची गोष्ट सांगितली. सुरुवातीच्या स्पिटफायरना मर्लिन इंजिन होतं, त्यांचं नाक डावीकडे जाई, म्हणून उड्डाणाआधी रडरचं ट्रिम पूर्ण उजवीकडे लावत. पुढं ग्रिफन इंजिन आलं, त्याचा पंखा उलटा फिरायचा. तिथं ट्रिम पूर्ण डावीकडे! आपल्या हवाई दलानंही हे दोन्ही प्रकार उडवले. जुन्या सवयीनं उजवा पाय दाबला की काय होत असेल, कल्पना करा.

आठवड्यानं पुन्हा फोन. त्यानं आता टायगर मॉथ मिळवलं होतं. हे जुनं, दोन मजली पंखांचं विमान. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले.

“मामा, उजवा पाय तयार ठेवला होता, तरी गवतात गेलो. उजवीकडच्या!”

“मग जॉयस्टिक बिघडली का?”

“नाही हो,” तो हसला. “पंखा कुठल्या बाजूला फिरतोय ते आधी बघायला पाहिजे होतं.”