सहा वर्षांची दाढ आणि तिच्यावरील संरक्षक लेप

मूल सहा वर्षांचे होण्याच्या सुमारास दुधाच्या दातांच्या रांगेमागे एक नवी दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नाही. त्यामुळे ती दुधाचीच असावी, किडली तरी पुढे पडून नवी येईल, असा अनेक पालकांचा समज असतो. वास्तविक ही कायमची पहिली दाढ होय. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

या दाढेच्या पृष्ठभागावरील खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळापर्यंत पोहोचत नाही. तेथे अडकलेल्या अन्नकणांतून कीड सुरू होते. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत केल्यास त्यावर राळ घट्ट धरते, असे दाखवून दिले. खाचा बुजविणारा सीलंट, म्हणजेच संरक्षक लेप, याच तत्त्वावर आधारलेला आहे. दाढ धुऊन कोरडी करतात, तिच्यावर काही सेकंद आम्लाचा लेप देतात, पुन्हा धुऊन व सुकवून पातळ राळ सोडतात आणि निळ्या प्रकाशाने ती कठीण करतात. यात सुई नाही, दात कोरणेही नाही. असा लेप मागील दाढांमधील सुमारे ८० टक्के कीड दोन वर्षेपर्यंत टाळतो, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०१६ मध्ये नमूद केले आहे.

मात्र लेप लावून काम संपत नाही. नवा लेप मुलाने स्वीकारणे हा उपचाराचाच भाग असून तेथे पालकांचे साहाय्य मोलाचे ठरते. दवाखान्यात येण्यापूर्वी "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई देतील" अशी धास्ती मुलाला कृपया घालू नये. दाढ धुतील, वाळवतील, निळा दिवा दाखवतील, थोडी आंबट चव लागेल, एवढे खरे सांगावे.

लेपानंतर दाढ उंच झाल्यासारखी वाटते आणि जीभ वारंवार तिकडे जाते. हे स्वाभाविक आहे. साधा लेप चावताना दोन-तीन दिवसांत झिजून बरोबर बसतो. तोवर मुलाला रागावू नये. बोटाने किंवा पेन्सिलीच्या टोकाने तो खरवडू मात्र देऊ नये. प्रकाशाने कठीण झालेल्या लेपावर लगेच जेवता येते. भात, आमटी, मऊ भाकरी यांपासून आरंभ केल्यास मुलाला चावण्याचा धीर येतो. चिक्की, आंबापोळी, फणसपोळी आणि बर्फाचे खडे यांना काही दिवस दूर ठेवावे. तीन-चार दिवसांनंतरही मूल एकाच बाजूने चावत असेल अथवा जबडा दुखत असेल, तर अवश्य दाखवावे. उंचवटा काही मिनिटांत घासून देता येतो. लेपाचा तुकडा निघून पोटात गेल्यास अपाय नाही, परंतु उघडी पडलेली खाच पुन्हा बुजवावी लागते. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक आहे.

दोन दातांमधील फटींत लेप पोहोचत नाही. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराईडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन दात घासावेत. सात-आठ वर्षांपर्यंत पालकांनी स्वतः घासून द्यावेत.

अंजनवेलसारख्या खाडीकाठच्या गावातून दातांसाठी गुहागर वा चिपळूण गाठायचे म्हणजे मुलाची शाळा आणि पालकांची दिवसाची कमाई दोन्ही बुडतात. त्यामुळे दाढ ठणकू लागेपर्यंत दवाखान्याची वाट धरली जात नाही, आणि पहिली भेट वेदनेची ठरली की मूल पुढे यायलाच घाबरते. दुखत नसताना झालेली पहिली भेट ही भीती टाळते. सहा वर्षांच्या मुलाच्या पालकांनी मागची नवी दाढ उजेडात एकदा पाहावी आणि ती दिसताच तपासणीस आणावे, अशी आमची विनंती आहे.