चांगलीं पानें आणि पुष्कळ प्रतिस्पर्धी

हातीं उत्तम पानें आलीं म्हणजे डाव आपलाच, ही समजूत जितकी सार्वत्रिक तितकीच घातक आहे. पोकर नांवाच्या अमेरिकन खेळांत तिची परीक्षा फार कठोरपणें होते. द्यूताची शिफारस करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें प्रथमच सांगतों. परंतु ज्या खेळाची भाषा आज घरांतील तरुण मंडळींच्या तोंडीं आहे, त्याचें मर्म वडील माणसांनींही समजून घेणें अवश्य आहे.

ह्या खेळाचा टेक्सास होल्डेम हा प्रकार विशेष प्रसिद्ध आहे. लास व्हेगास येथें १९७० सालापासून भरत आलेल्या जागतिक स्पर्धेचा मुख्य सामना ह्याच प्रकाराचा असतो. प्रत्येक गड्यास दोन पानें झांकलेलीं मिळतात. मग मध्यभागीं प्रथम तीन, नंतर एक व शेवटीं आणखी एक, अशीं पांच पानें सर्वांसाठीं उघडतात. ह्या सातांतून ज्याचीं पांच पानें श्रेष्ठ ठरतील तो मधली रास नेतो. आरंभीं व प्रत्येक उघडणीनंतर पैसे लावण्याची फेरी होते. ज्यास नको असेल त्यानें पानें टाकून बाजूस व्हावें.

आरंभींच्या दोन पानांत एक्क्यांची जोडी सर्वश्रेष्ठ. पहिलें पान एक्का येण्याचा संभव ४/५२, त्यानंतर दुसरें ३/५१. गुणाकार केला असतां १/२२१ येतो. एवढी दुर्मिळ जोडी हातीं आल्यावर गड्याचा ऊर भरून यावा हें स्वाभाविकच आहे. पण प्रतिस्पर्ध्यांचीं पानें कोणतींही असोत, सर्वजण शेवटपर्यंत राहिले असें धरून हिशेब केला, तर समोर एकच असतां ही जोडी शेंकडा सुमारें ८५ वेळां जिंकते. दोन असतां ७३, तीन असतां ६४, पांच असतां ४९, आणि नऊ असतां अवघी ३१. पानें तींच, माणसें मात्र वाढलीं.

ह्याचें कारण राजांच्या जोडीवरून अधिक स्पष्ट होईल. ह्या जोडीस भय एक्क्याचें. समोर एक गडी असेल तर त्याच्याजवळ एक्का असण्याचा संभव शेंकडा साडेपंधरा. पांच असतील तर त्यांतील कोणाजवळ तरी एक्का असण्याचा संभव साठावर जातो. एकेकटा प्रतिस्पर्धी दुर्बळच असतो. पण तुम्हांस सर्वांवर मात करावयाची असते, आणि त्यांना त्यांच्यापैकीं एकानें केली तरी पुरते.

मग चांगलीं पानें बहुतांपुढें निरुपयोगी काय? तसेंही नाहीं. प्रत्येकानें आरंभींच शंभर रुपये लावले असें समजा. प्रतिस्पर्धी एक असतां दोनशेंच्या राशींतील ८५ टक्के, म्हणजे १७० रुपये सरासरीनें एक्केवाल्याचे, लाभ ७०. प्रतिस्पर्धी पांच असतां सहाशेंचे ४९ टक्के, म्हणजे २९४, लाभ १९४. जिंकण्याचे प्रसंग घटले, पण सरासरी लाभ वाढला! ह्यास्तव निम्म्याहून अधिक वेळां हरणारा गडीही योग्य रीतीनें खेळत असूं शकतो.

मात्र हा हिशेब पुढें पैसे लावावयाचे नसतील तेव्हांचा. प्रत्यक्षांत फेऱ्या शिल्लक असतात, आणि खरी कसोटी तेथेंच लागते. म्हणून जाणते खेळाडू पानें उघडण्यापूर्वींच रक्कम वाढवितात. दुर्बळ पानांचे गडी एक तर निघून जातात किंवा राहण्याचें मोल देतात. तरीही पुष्कळजण राहिले, मध्यभागीं एकाच रंगाचीं किंवा ओळीनें येणारीं पानें पडलीं, आणि कोणी नेटानें पैसे वाढवूं लागला, तर एक्क्यांची जोडीही टाकण्याची तयारी ते ठेवतात. पोकळ हूल देण्याचा मोहही ते अशा वेळीं आवरतात. एकास भिववितां येतें, पांचांस भिवविणें कठीण.

वनपर्वांतील नलोपाख्यान वाचकांस स्मरत असेलच. राज्य गमावलेल्या नळास ऋतुपर्णानें अक्षहृदय दिलें, तें बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें मोजून दाखविल्यावर. द्यूताच्या विद्येशीं संख्याज्ञानाचा संबंध आपल्या पूर्वजांनीं असा जोडला होता. युरोपांत १६५४ सालीं पास्कल व फर्मा ह्यांनीं अर्धवट राहिलेल्या डावाची रक्कम कशी वांटावी, ह्या प्रश्नावर जो पत्रव्यवहार केला, त्यांतूनच संभाव्यतेचें शास्त्र वाढीस लागलें.

हें ज्ञान नसलेला मनुष्य एक्के घेऊन हरला, कीं त्यास आपल्यावर अन्याय झाला असें वाटतें. आणि तो अन्याय भरून काढण्यासाठीं तो पुढच्या डावांत दुप्पट लावतो. घरें बुडतात तीं बहुधा वाईट पानांनीं नव्हे, ह्या रागानें. इंटरनेटवर पैसे लावून खेळावयाच्या खेळांना २०२५ सालच्या केंद्रीय कायद्यानें मनाई केली, ती अशा हानीकडे पाहूनच. आमचें तरुणांस सांगणें एवढेंच: पत्ते घरीं बसून, चिंचोके लावून खुशाल खेळा, पण गणित कागदावर मांडून पाहा, आणि पैसा मध्यें आणूं नका. नऊजणांत एक्के दहांपैकीं सातदां हरतात, हें एकदां स्वतः मोजून पाहिलें, कीं हार हा अपमान वाटेनासा होतो.