लोकश्रद्धा, सामाजिक नियम आणि आरोग्य : बाळंतिणीच्या खोलीचे उदाहरण

१. प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४६ साली संमत झाली आणि १९४८ साली अमलात आली. आरोग्याची व्याख्या करताना तीत शारीरिक स्वास्थ्याच्या जोडीला मानसिक व सामाजिक स्वास्थ्याचाही समावेश करण्यात आला. सुश्रुतसंहितेनेही स्वस्थ मनुष्याचे लक्षण सांगताना दोष, अग्नी व धातू यांच्या समतेबरोबर इंद्रिये, मन व आत्मा यांची प्रसन्नता आवश्यक मानली आहे. म्हणजे आरोग्य ही केवळ देहाची अवस्था नव्हे, हा विचार जुन्या व नव्या दोन्ही परंपरांना मान्य आहे. परंतु या व्याख्येतील ‘सामाजिक’ हा शब्द पुष्कळदा शोभेपुरताच उरतो. त्याचा प्रत्यक्ष आशय काय, हे एखादे ठळक उदाहरण घेऊन पाहिल्याखेरीज कळत नाही.

या विवेचनात तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे इष्ट ठरेल. जगात काय घडते व का घडते, यासंबंधी समाजाची जी धारणा असते ती श्रद्धा. काय जपण्याजोगे आहे, याविषयीचा जो निर्णय ते मूल्य. आणि कोणी, कोठे, केव्हा कसे वागावे, हे ठरविणारा जो अलिखित दंडक तो सामाजिक नियम अथवा रूढी. आपण आजारी आहोत की नाही, ते कोणापाशी बोलावे, कोणाच्या हातून उपचार घ्यावा व त्यासाठी उंबरठा ओलांडावा की नाही, हे मनुष्य या तिहींच्या आधारे ठरवितो. रोगजंतू देहात शिरतो तेव्हा तो कोणाची श्रद्धा पाहत नाही हे खरे; पण देहापर्यंत औषध पोचते की नाही, हे मात्र श्रद्धेवर व रूढीवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

२. मौनाचा नियम

गडचिरोली जिल्हा १९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. विस्तीर्ण अरण्य, गोंड व माडिया लोकांची वस्ती आणि पावसाळ्यात नद्यांनी तोडून टाकलेली गावे, ही त्याची परिचित लक्षणे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून या जिल्ह्यात केलेले संशोधन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. कारण त्यात रोगाचे मापन आणि लोकांच्या समजुतींचा अभ्यास ही दोन्ही कामे एकत्र चालली.

त्यांचा १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास दोन गावांतील ६५० स्त्रियांविषयी आहे. त्यांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक विकार आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

या आकड्यांतील अंतराचा अर्थ लावताना केवळ दवाखाना दूर होता, असे म्हणून भागत नाही. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे, पाळीच्या वेळचा अतिस्राव ही दुखणी ग्रामीण स्त्रीच्या लेखी पुष्कळदा रोगच नसतात. तो बाईच्या जन्माचा भोग असतो, किंवा उष्णतेचा वा अशक्तपणाचा परिणाम असतो. ही झाली श्रद्धा. सोसणे हे कुलीनतेचे लक्षण आहे, हे झाले मूल्य. आणि अशा गोष्टी पुरुषापाशी, मग तो वैद्य का असेना, बोलू नयेत, हा झाला नियम. तिन्ही एकमेकांना आधार देतात आणि त्यातून जे मौन निर्माण होते ते दुखण्यापेक्षाही चिवट असते.

३. बाळंतिणीची खोली

याहून अधिक बोधप्रद उदाहरण नवजात अर्भकाचे आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून प्रसूतीनंतर आई व मूल यांना घरातील एका अंधाऱ्या, बंद खोलीत ठेवण्याची चाल होती व काही भागांत आजही आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दाराशी दृष्ट लागू नये म्हणून केलेली योजना, सोयर फिटेपर्यंत परक्यांचा मज्जाव आणि पाचव्या वा सहाव्या रात्री सटवाईची पूजा, असा तिचा सर्वसाधारण क्रम. त्या रात्री सटवाई मुलाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत आहे.

या चालीकडे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. अर्भकमृत्यूंच्या अभ्यासावरून असे दिसते की, पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात दगावतात. नवजात अर्भकाच्या धनुर्वाताची लक्षणेही बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतात. पाचवी-सहावीची रात्र जागवून काढणाऱ्या समाजाने धोक्याचा काळ अचूक ओळखला होता; चुकले होते ते धोक्याचे कारण. त्याने बाधा बाहेरून येणाऱ्या नजरेत पाहिली, नाळ कापणाऱ्या विळ्यात पाहिली नाही. शेगडीचेही तसेच. कमी वजनाचे मूल थंड पडून दगावते, हे अनुभवाचे ज्ञान तीत साठविलेले आहे. मात्र त्याच शेगडीचा धूर कोंदट खोलीत मुलाच्या श्वासाला बाधक ठरतो.

तेव्हा या चालीतील घटकांची निवड करणे प्राप्त होते. ऊब, विश्रांती आणि परक्यांची ये-जा टाळणे हे हितकारक. काजळाची तीट, दाराशी ठेवलेले लोखंड यांसारखे उपाय निरुपद्रवी. आणि पहिला चीक टाकून देणे, जन्मताच मुलाला न्हाऊ घालणे, आजारी मुलालाही खोलीबाहेर न नेणे हे घातक. तिन्ही प्रकार एकाच खोलीत, एकाच आजीच्या हातून आणि सारख्याच मायेने आचरले जातात, हे विसरून चालत नाही. सरसकट निषेध करणारा उपदेशक पहिल्या प्रकारालाही दुखावतो आणि म्हणून तिसऱ्याविषयीचे त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही.

४. उपचाराचा प्रवास उलट दिशेने

गडचिरोलीत १९९५-९६ साली खेड्यांतील ७६३ नवजात अर्भकांचे घरोघरी निरीक्षण करण्यात आले. निम्म्याहून अधिक मुलांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात वैद्याने पाहिलेली मुले शंभरात तीनही नव्हती. प्रचलित उपाय एकच होता, तो म्हणजे मुलाला रुग्णालयात आणा असे सांगणे. पण रूढी मुलाला बाहेर जाऊ देत नव्हती, आणि जाऊ दिले असते तरी रस्ता, वाहन व पैसा यांचा अभाव होताच.

येथे संशोधकांनी प्रश्नच उलटा मांडला. मूल खोलीबाहेर येत नसेल, तर उपचाराने खोलीत जावे. त्यासाठी ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिक्षण देण्यात आले. प्रसूतीच्या वेळी दाईबरोबर हजर राहणे, मुलाचे वजन व तापमान घेणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या मुलाला श्वास देणे, ऊब राखणे, आईला स्तनपानाविषयी सांगणे आणि रक्तातील जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच आईबापांच्या संमतीने प्रतिजैविक औषध, प्रसंगी इंजेक्शनही देणे, ही त्यांची कामे होती. सोयर वा परकेपणाचा नियम त्यांना आडवा आला नाही, कारण त्या परक्या नव्हत्या.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी २५.५ पर्यंत खाली आले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांच्या मानाने ही घट सुमारे ६२ टक्क्यांची होती. जंतुसंसर्ग झालेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. २०११ साली भारत सरकारने नवजात बालकाच्या गृहभेटींचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केला, त्यामागे या अनुभवाचा मोठा आधार होता. जी खोली मृत्यूचे कारण समजली जात होती तीच उपचाराचे स्थान बनली. खोली तीच, शेगडीजवळची आजीही तीच. बदलले ते तिच्या शेजारी बसलेल्या गावच्या लेकीच्या हातातील साधन.

५. वैद्यकाच्याही श्रद्धा

श्रद्धा आणि रूढी केवळ खेड्यातच असतात, असे मानणे हा शिक्षितांचा आवडता भ्रम आहे. आजारी अर्भकावर उपचार रुग्णालयातच होऊ शकतात, अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई देता येत नाही, स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण व कुटुंबनियोजन, याही एका व्यवसायाच्या श्रद्धाच होत्या. प्रत्यक्ष प्रयोगाने त्या पारखल्या गेल्या तेव्हा त्यांपैकी काही टिकल्या नाहीत.

शोधग्राम येथील रुग्णालय उभारताना आदिवासींशी झालेला विचारविनिमय या संदर्भात उल्लेखनीय आहे. मोठ्या इमारतीचे भय वाटते, आप्तांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत आणि आमच्याकडे प्रेताला पांढरे वस्त्र घालतात, मग पांढऱ्या कपड्यांतील माणसे जीव कसा वाचवणार, असे आक्षेप पुढे आले. त्यानुसार रुग्णालयाची रचना खेड्याच्या धर्तीवर झाली, आप्तांना सोबत राहण्याची सोय झाली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. शस्त्रक्रियेचे शास्त्र यामुळे तसूभरही बदलले नाही; मात्र तेथे येण्याचा धीर लोकांना झाला.

६. मर्यादा आणि निष्कर्ष

या विवेचनावरून प्रत्येक रूढी जपावी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. याच जिल्ह्यातील काही गोंड व माडिया गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रीला गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते. त्या दिवसांत तिला कामापासून विसावा मिळतो हे खरे. परंतु पडक्या झोपडीत पावसापाण्यात, सापविंचवाच्या सान्निध्यात मिळणारा विसावा हे आरोग्य नव्हे. विसाव्याचे मूल्य राखून वेगळे काढण्याचा नियम सोडून देणे, हीच येथे विवेकाची दिशा ठरते. आणि तो निर्णय त्या स्त्रियांच्या सहभागाने झाला तरच टिकेल. तसेच प्रत्येक अनारोग्याचे खापर अंधश्रद्धेवर फोडणेही अयोग्य होय. जेथे रस्ता नाही व औषध नाही, तेथे देवऋषीकडे जाणे हा पुष्कळदा अज्ञानाचा नव्हे, तर निरुपायाचा परिणाम असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्याचे आढळले. सोय, अर्थसाहाय्य व विश्वास ही तिन्ही एकत्र आली म्हणजे घरीच बाळंत होण्याची शतकांची चालही एका पिढीत पालटते, हे यावरून स्पष्ट होते.

सारांश, समाजाची श्रद्धा ही आरोग्याच्या वाटेवरील केवळ धोंड नव्हे. ती त्या समाजाने आपल्या अनुभवाची लावलेली संगती असते, कधी बरोबर, कधी चुकीची. आरोग्यकार्याने प्रथम तिचा अर्थ वाचावा, मग तिच्यातील हिताचा भाग उपचाराच्या कामी लावावा आणि घातक भाग नि:संदिग्धपणे नाकारावा. हा क्रम उलटला की उपदेश वाढतो आणि पाळणे रिकामे राहतात.