हजेरीपटाबाहेरचा मजूर

रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट भरला जातो. किती मजूर आले, किती माती निघाली, कोणाची किती मजुरी झाली, हे त्यातून कळते. त्या कामामुळे गावातली गरिबी कमी झाली का, हे मात्र त्यात कुठेच नसते. ते शोधायचे तर कामावर न आलेल्या माणसाचीही गणती करावी लागते. शिवाय ही योजना नसती तर आलेल्या मजुराने त्या दिवशी काय केले असते, याचाही अंदाज बांधावा लागतो. प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले अर्थशास्त्रीय संशोधन सार्वजनिक धोरणाच्या उपयोगी पडते ते इथे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना (रोहयो) आणि तिच्या अनुभवातून पुढे आलेला २००५ चा राष्ट्रीय कायदा हा त्याचा भारतातील सर्वांत बोलका दाखला म्हणता येईल.

या गोष्टीची एक सुरुवात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत होते. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. राष्ट्रीय नमुना पाहणीचे कुटुंबांच्या खर्चाचे आकडे त्यांच्या हाताशी होते. माणशी रोज २,२५० उष्मांकांचे अन्न मिळण्यासाठी किती खर्चाची ऐपत लागते, ते त्यांनी या आकड्यांतून काढले. १९६०-६१ च्या किमतींनुसार ही रेषा खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी आली. तिच्याखाली ग्रामीण लोकसंख्येचा सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येचा सुमारे ५० टक्के भाग होता. उष्मांकांवरून गरिबी ठरवण्याच्या या पद्धतीवर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण या अभ्यासाचे मोल केवळ टक्केवारीत नव्हते. वाटण्याजोगी जमीनच इतकी कमी आहे की निव्वळ फेरवाटपाने भूमिहीनांचा प्रश्न सुटणार नाही, म्हणून सरकारने सार्वजनिक कामे काढून किमान मजुरीवर रोजगार द्यावा, असा त्याचा रोख होता.

अभ्यासकाने लिहिले आणि सरकारने अमलात आणले, असे मात्र इथे झाले नाही. रोजगार हमीची कल्पना राजकीय नेते वि. स. पागे यांनी आधीच, १९६५ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात करून पाहिली होती. १९७२ मध्ये योजना राज्यभर लागू व्हायला आणि मोठा दुष्काळ पडायला एकच गाठ पडली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. एवढ्या लोकांना काम देणे प्रशासनाला जमते, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी व्यवसाय कर बसवला गेला होता. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या वेतनचिठ्ठीत दिसणारी ती कपात मुळात खेड्यातल्या मजुरासाठी होती. संशोधन, राजकीय इच्छाशक्ती आणि निकड यांच्यापैकी एकही बाजू नसती, तर हा कायदा झाला असता असे वाटत नाही.

कायदा झाल्यावर संशोधनाचे दुसरे आणि अधिक अवघड काम सुरू झाले. मजुराच्या हाती पडलेली मजुरी म्हणजे त्याचा निव्वळ लाभ नव्हे. तो रोहयोच्या कामावर आला नसता तर कदाचित कुणाच्या शेतात राबला असता. ती बुडालेली कमाई वजा केल्यावर काय उरते? गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन या अर्थतज्ज्ञांनी याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा या दोन गावांत शोधले. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने तिथल्या ठरावीक कुटुंबांच्या कामाच्या आणि कमाईच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. त्यांवरून दिसले की बुडालेली कमाई मजुरीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढीच होती. रोहयोत गेलेला वेळ मुख्यतः बेकारीचा, विश्रांतीचा आणि घरकामाचा होता. इथे थोडे थांबायला हवे. घरकामाला बाजारात भाव नाही म्हणून ते हिशेबात शून्य धरले, तर कामावर जाणाऱ्या बाईचा लाभ आहे त्याहून मोठा दिसतो. पाणी भरणे, भाकरी करणे, मूल सांभाळणे तिला सुटलेले नसते.

याच गावांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट समोर आली. शिरापूर आणि कानझऱ्यात भूमिहीन मजुरांच्या उत्पन्नातले चढउतार, जिथे अशी योजना नव्हती त्या तेव्हाच्या आंध्रातल्या औरेपल्ली गावाच्या तुलनेत, सुमारे निम्मे होते. रोहयोचा हा गुण सरासरी उत्पन्नाच्या आकड्यात दिसत नाही. पण ज्या घरात धान्याचा साठा नसतो, त्या घरासाठी वाईट महिना टळणे हेच सर्वांत मोठे उत्पन्न असते.

१९८८ मध्ये योजनेची एक कसोटी लागली. रोहयोची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. दर वाढला की काम मागणारे वाढतील, ही सरळ अपेक्षा. पण कामावरची उपस्थिती घटली. रॅव्हेलियन, दत्त आणि शुभम चौधरी यांनी आधीच्या वर्षांच्या महिनावार उपस्थितीवरून, जुनाच रिवाज चालू राहिला असता तर किती मजूर आले असते, याचा अंदाज बांधला आणि प्रत्यक्ष आकडे त्याच्याशी ताडून पाहिले. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी कामेच कमी काढली जात होती, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणजे मजुरी वाढली आणि हमी पातळ झाली. किमान वेतन देऊ नये, असा याचा अर्थ लावणे चूक होईल. मजुरी वाढवताना पैशांची तरतूद वाढली नाही, तर मागेल त्याला काम हा शब्द पाळला जात नाही, एवढेच संशोधन सांगते. दोहोंपैकी काय राखायचे, हा निर्णय लोकप्रतिनिधींचाच राहतो.

राष्ट्रीय कायदा आला तेव्हा अभ्यासाचा आवाका वाढला. फेब्रुवारी २००६ मध्ये तो आधी २०० जिल्ह्यांत, मग आणखी १३० जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ पासून उरलेल्या ग्रामीण भारतात लागू झाला. हे टप्पे प्रशासनाच्या सोयीसाठी होते, पण अभ्यासकांना त्यांनी तुलनेची संधी दिली. पहिले जिल्हे मुद्दाम मागास निवडलेले असल्यामुळे त्यांची आणि नंतरच्या जिल्ह्यांची मजुरी शेजारी ठेवून काही सिद्ध होत नव्हते; मजुरीतला बदल किती, हे पाहावे लागले. क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप यांच्या अभ्यासात कोरड्या हंगामात खासगी कामांची रोजंदारी सुमारे पावणेपाच टक्के वाढलेली आढळली. योजना नीट राबवली गेली त्याच राज्यांत हा परिणाम ठळक होता. सरकारी कामावर कधीही न गेलेल्या मजुरालाही शेतमालकाकडून जास्त रोज मिळू लागला, ही बाब कुठल्याच हजेरीपटावर येणारी नव्हती.

आंध्र प्रदेशातील प्रयोगाने हेच अधिक नेमकेपणाने दाखवले. मजुरी बोटांच्या ठशांवर ओळख पटवून द्यायची स्मार्टकार्डची पद्धत १५७ मंडलांत, सुमारे १.९ कोटी लोकवस्तीत, कुठे आधी आणि कुठे नंतर सुरू करायची, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने ठरवले गेले. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांच्या या अभ्यासात गळती घटली, पैसे लवकर मिळाले आणि लाभार्थी कुटुंबांची कमाई १४ टक्के वाढली. त्या वाढीपैकी ८६ टक्के भाग योजनेबाहेरच्या कामांतून आला होता. नव्या पद्धतीबद्दलच्या तक्रारी सरकारपर्यंत सहज पोहोचत होत्या. समाधानी मजुराचा आवाज पोहोचत नव्हता. पाहणीत ९० टक्क्यांहून अधिक लाभार्थ्यांनी नवी पद्धतच पसंत केल्याचे आढळले.

हा निष्कर्ष उचलून दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही. झारखंडमध्ये रेशनसाठी आधारवर ओळख पटवण्याची सक्ती तपासली गेली, तेव्हा सरासरी लाभार्थ्याला फायदा झालेला दिसला नाही आणि ज्यांचे आधार जोडलेले नव्हते त्यांना धान्य कमी मिळाले. यंत्र जवळपास तेच होते. आंध्रात ते मजुराला पैसे पोहोचवण्यासाठी वापरले गेले, झारखंडात दारावर अडवण्यासाठी.

रोहयोच्या कामांवर, ती वाया जातात, हा आरोप सर्वांत जुना आहे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी महाराष्ट्रातील १०० गावांत ४,१०० हून अधिक कामे पाहिली आणि सुमारे ४,८०० वापरकर्त्यांना विचारले. ९० टक्के लोकांनी कामे खूप किंवा काही प्रमाणात उपयोगी असल्याचे सांगितले; ८ टक्क्यांना ती निरुपयोगी वाटली. यातून आरोपाचा बराच भाग गळून पडतो. पण उपयोगी वाटणे आणि पीक वाढणे यांत अंतर आहे. एखाद्या विहिरीने किंवा पाझर तलावाने किती एकर भिजले आणि किती वर्षे भिजले, हे कळायला त्याच शेतांच्या नोंदी चांगल्या आणि वाईट पावसाच्या वर्षांत सलग ठेवाव्या लागतात, जशा शिरापूर आणि कानझऱ्यात कुटुंबांच्या ठेवल्या गेल्या.