जनाबाईंचे जाते : घरकाम, शुश्रूषा आणि स्त्रीचा आत्मविकास

कुटुंबाची शुश्रूषा, अर्थार्जन आणि आत्मविकास यांचा मेळ स्त्रीने कसा घालावा, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. हा मेळ घालणे ही एकट्या स्त्रीची जबाबदारी आहे, असे प्रश्नाच्या या मांडणीतच गृहीत धरलेले असते. ते कितपत टिकते, हे पाहण्यास परभणी जिल्ह्यातीलच एक जुने उदाहरण उपयोगी पडेल.

गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. परंपरेनुसार त्या लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आल्या आणि नामदेवांच्या घरची दासी म्हणून त्यांचे आयुष्य गेले. दामाशेटी, गोणाई, राजाई, नामदेवांचे चार पुत्र व सुना, शिवाय येणारेजाणारे संत, एवढ्या गोतावळ्याचे दळणकांडण, पाणी, धुणे व शेणगोठा त्यांच्याकडे होता. असे असूनही नामदेवगाथेत त्यांच्या नावावर सुमारे ३५० अभंग आहेत. ते सर्व एकाच कर्तीचे आहेत काय, हा प्रश्न वेगळा. कष्टणाऱ्या स्त्रीची ही वाणी आहे, एवढे निश्चित.

हे कसे साधले? पहिले कारण श्रमाच्या स्वरूपात आहे. जात्यावर हात गुंततात, पण मन व वाणी मोकळी राहते. किंबहुना जात्याची घरघर ओवीला लय पुरवते. म्हणूनच मराठवाड्यातील असंख्य निरक्षर स्त्रियांनी दळताना ओव्या रचल्या. तान्ह्या मुलाची वा आजाऱ्याची शुश्रूषा मात्र हातांबरोबर चित्तही गुंतवून ठेवते. तेव्हा कामाचे तास मोजणे पुरेसे नाही; त्या तासांत मन कितपत मोकळे राहते, हेही पाहिले पाहिजे.

दुसरे कारण आख्यायिकेत आढळते. विठ्ठल जनीसंगे दळतो, शेण्या वेचतो, धुणे धुतो, एवढेच नव्हे तर तिची वेणीफणीही करतो. भक्ताला हा भगवंताच्या कृपेचा प्रत्यय वाटतो. समाजशास्त्राच्या अभ्यासकाला तीत आणखी एक कबुली दिसेल. हा भार एकटीने उचलण्याजोगा नाही आणि इतरांची सेवा करणारीलाही कोणीतरी जपावे लागते, हे लोकमानसाने जाणले होते. मात्र वाटेकरी म्हणून त्याला घरातील पुरुष सुचला नाही, देवच सुचला.

आज स्थिती किती पालटली आहे? केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार २०१९ मध्ये विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दररोज सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ झाले. म्हणजे दोघांचाही वेळ घटला. अंतर मात्र २०२ मिनिटांवरून केवळ २०१ वर आले. त्यातही हे काम मुळीच न करणारे पुरुष या सरासरीत धरलेले नाहीत.

विजेच्या गिरणीने जाते थांबविले. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या साधनांचा अभ्यास झाला आहे, तोही मोलाचा आहे. परंतु साधन श्रम हलके करते. जबाबदारी वाटून देत नाही. विठ्ठलाने जात्याचा खुंटा हाती घेतला, ही कथा आपण सात शतके प्रेमाने सांगत आलो. तिचा व्यवहारातील अर्थ घरातील पुरुषांनी उचलल्याखेरीज मेळाचा प्रश्न सुटणार नाही.