प्रतिकृती : मापाची आणि मनाची

सहामाही परीक्षा संपली की कोल्हापूरच्या पेठांतून लाल मातीची ने-आण सुरू होते. पोती, विटा, दगडगोटे, जुनी फळकुटे गोळा होतात आणि अंगणात, बोळात, गच्चीवर किल्ले उभे राहू लागतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ येथील तालमी आणि तरुण मंडळे तर पन्हाळा, विशाळगड, राजगड यांच्या मोठ्या प्रतिकृती रचतात आणि त्या पाहण्यासाठी सारे शहर सहकुटुंब बाहेर पडते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत आपला पन्हाळाही असल्याने या हौसेला आता अभिमानाची जोड मिळाली आहे.

आपल्या समाजातील मुलेही या मातीकामात मागे नसतात. मात्र घरातील वडीलधाऱ्यांकडून दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला व्यापाऱ्याचा : ऐन दिवाळीत, पेढीवर गिऱ्हाईक असताना, यात चार-चार दिवस घालवून हाती काय लागते? दुसरा श्रावकाचा : तोफा, तलवारी आणि लढाईचे देखावे जैन घराच्या दारात कशासाठी? दोन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरे मात्र किल्ल्याच्या मातीइतकीच आपल्या परंपरेतही सापडतात.

प्रथम मापाकडे वळू. जगभर प्रतिकृती करणारे हौशी लोक आपल्या कामावर एक अंक लिहून ठेवतात : १:७२, १:८७, १:१००. मूळ वस्तूचे ७२ एकक म्हणजे प्रतिकृतीतील एक एकक, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग’ या नावाने विमानांचे जुळणीसंच निघाले, ते १:७२ या प्रमाणात होते. या प्रमाणाची सोय अशी, की सहा फूट म्हणजे ७२ इंच. त्यामुळे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो आणि बाकीचा हिशेब तोंडी जमतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथील गाड्या, रूळ, सिग्नल, रस्ते आणि दिवे पाहताना मुले भान हरपतात. सारे काही लहान असूनही खरे वाटते, कारण एका वस्तूचे दुसरीशी असलेले नाते तेथे जपलेले असते. ते नाते बिघडले की प्रतिकृतीचे खेळणे होते.

आपल्या अंगणातील किल्ल्यात बहुधा हेच बिघडते. कुंभाराकडून आणलेला मावळा तीन इंचांचा, तर त्याच्या मागचा बुरूज चार इंचांचा. मावळ्याने हात वर केला तर तो थेट तटापलीकडे जाईल! साडेपाच फुटी माणूस तीन इंचांचा झाला, म्हणजे प्रमाण १:२२ ठरले. हा अंक एकदा वहीत लिहिला की पुढे प्रत्येक भिंतीला, दरवाजाला, पायरीला त्याच अंकाने भागायचे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला गुणोत्तर आणि प्रमाण शिकवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

पन्हाळ्यावरील अंबरखान्याचे उदाहरण व्यापारी घरांना विशेष रुचेल. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली तीन धान्यकोठारे तेथे आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठी गंगा कोठी. तिचे क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर, उंची १०.७ मीटर आणि धान्य मावण्याची क्षमता २५,००० खंडी सांगतात. तीन इंची मावळ्यांशेजारी ही कोठी बांधायची तर तिची उंची दीड फुटाहून अधिक हवी. १:१०० हे प्रमाण धरले तर ती पावणेअकरा सेंटिमीटरची होते आणि तळ साधारण ३१ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाएवढा भरतो. मावळे मग जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरचे हवेत.

आता मुलाला विचारावे : या छोट्या कोठीत धान्य किती मावेल? बहुतेक मुले २५,००० ला शंभराने भागून अडीचशे खंडी असे उत्तर देतील. पण लांबी शंभरपट, रुंदी शंभरपट आणि उंचीही शंभरपट कमी झाली आहे. म्हणजे आतली जागा दहा लाखपट कमी झाली. २५,००० खंडींना दहा लाखांनी भागले की खंडीचा चाळिसावा हिस्सा उरतो. वीस मणांची खंडी, तेव्हा उत्तर येते अर्धा मण. खंडीचे वजन प्रांताप्रांतात वेगळे असे. ती ६५० पौंडांची धरली तर हे धान्य सात किलोहून थोडे अधिक भरते. मुलाने पुठ्ठ्याची कोठी करावी, स्वयंपाकघरातून ज्वारी आणून ती भरावी आणि ती ज्वारी दुकानातल्या काट्यावर तोलावी. पुठ्ठ्याच्या जाडीमुळे आणि छपराच्या आकारामुळे थोडा फरक पडेलच. तो का पडला हे शोधण्यात आणखी एक संध्याकाळ जाईल, आणि ती वाया गेलेली नसेल. हिशेब आता यंत्र करते, बिल संगणक काढतो. परंतु समोरचा आकडा शक्य कोटीतला आहे की नाही, हे ओळखणारी नजर अशा संध्याकाळीच घडते. लक्ष्मीपुरीच्या धान्यपेठेत आणि गुजरीच्या सराफकट्ट्यावर मागच्या पिढ्यांनी जी पत कमावली, ती याच नजरेच्या बळावर.

ही प्रमाणविद्या बाहेरून आली असे मात्र कोणी समजू नये. आपल्या शिल्पशास्त्रात मूर्तीचे माप फुटांत वा इंचांत सांगितलेले नसते. ते मूर्तीच्याच मुखावरून ठरते. उभ्या जिनमूर्तीसाठी नवताल प्रमाण सांगितले आहे : मुखाची लांबी एक ताल, एका तालाची बारा अंगुळे आणि पूर्ण उंची नऊ ताल, म्हणजे १०८ अंगुळे. मूर्ती नऊ इंचांची असेल तर मुख एक इंचाचे. मूर्ती नऊ फुटांची असेल तर मुख एक फुटाचे. देव्हाऱ्यातील पितळी मूर्तीला आणि डोंगरावरील पाषाणमूर्तीला एकच नियम लागू पडतो, तो यामुळे.

श्रवणबेळगोळची गोम्मटेश्वराची मूर्ती ५७ फुटांची. आपल्या जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातील कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्रावर १९६३ साली प्रतिष्ठित झालेली संगमरवरी मूर्ती २८ फुटांची, म्हणजे जवळजवळ निम्म्या उंचीची. समंतभद्र महाराजांनी स्थापन केलेल्या तेथील ब्रह्मचर्याश्रमाशी आपल्यापैकी अनेक घरांचा ऋणानुबंध आहे. त्याच परिसरात सम्मेदशिखर, गिरनार, पावापुरी अशा सिद्धक्षेत्रांच्या प्रतिकृतीही उभारलेल्या आहेत. ज्या वृद्धांना शिखरजीची चढण झेपणार नाही, ज्या कुटुंबाला एवढा प्रवास परवडणार नाही, त्यांनी येथे भाववंदना करावी, एवढी सोय त्या लहान डोंगरांनी करून ठेवली आहे. प्रतिकृतीचे याहून मोठे प्रयोजन कोणते असू शकेल?

आपल्या व्यापारी पूर्वजांनीही या कलेला उदार हस्ते आश्रय दिला. अजमेरच्या सोनी घराण्यातील सेठ मूलचंद यांनी बांधलेल्या, १८६५ मध्ये प्रतिष्ठा झालेल्या ‘सोनीजी की नसियाँ’ या मंदिराच्या दालनात सोन्याने मढवलेली अयोध्यानगरी आहे. भगवान आदिनाथांची पंचकल्याणके तीत साकारलेली आहेत. जयपूरच्या कारागिरांना ती घडवण्यास पंचवीस वर्षे लागली आणि १८९५ मध्ये काम पूर्ण झाले. अलीकडच्या काळात ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने हस्तिनापुरात जंबूद्वीपाची भव्य रचना झाली. शास्त्रात जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजने सांगितला आहे आणि या रचनेचा व्यास २५० फूट आहे. म्हणजे एक फूट बरोबर चारशे योजने. त्या प्रमाणात ५२६ योजनांहून थोडे अधिक रुंद असलेले आपले भरतक्षेत्र जेमतेम सव्वा फुटाचे भरते. आपल्या सर्व देशांची, बाजारपेठांची आणि भांडणांची जागा विश्वात केवढी, हे त्या सव्वा फुटावरून जितके चटकन कळते, तितके प्रवचनातूनही क्वचितच उमगते.

अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी दोन येथे आठवतात. एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरणे. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून विकणे किंवा अस्सलात नकली मिसळणे. प्रतिकृती हीदेखील नक्कलच आहे. मग ती आणि प्रतिरूपक यांत फरक कोणता? फरक त्या लहानशा अंकाचा. ‘प्रमाण १:१००’ अशी पाटी लावणारा पाहणाऱ्याला स्वतःहून सांगतो, की ही मूळ वस्तू नव्हे. मी ती शंभरपट लहान केली आहे आणि सर्व बाजूंनी सारखीच लहान केली आहे. हवे तर मोजून पाहा. ज्या मुलाच्या हातून लहानपणी असे काम झाले, त्याला पुढे काट्यातला पासंग झाकून ठेवणे सहजासहजी जमणार नाही.

आता दुसऱ्या, श्रावकाच्या आक्षेपाकडे वळू. लाकूड, माती, पुठ्ठा ही तर निर्जीव द्रव्ये. त्यांच्या तोफेने कोण मरते, असे मुले विचारतात. याला आपल्या साहित्याने हजार वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’त यशोधर राजाची कथा येते. अशुभ टाळण्यासाठी पशुबळी द्यावा, असा माता चंद्रमतीचा आग्रह. राजाचे मन त्याला तयार होईना. अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला गेला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरीही मारण्याचा संकल्प झाला होता. त्याचे फळ म्हणून माता आणि पुत्र दोघांनाही अनेक पशुयोनींतून फिरावे लागले. पिठाचा कोंबडा ही प्रतिकृतीच होती. तिच्यात जीव नव्हता, पण ती हाताळणाऱ्या मनात भाव होता, आणि कर्मबंध त्या भावाचा झाला.

या कथेच्या प्रकाशात किल्ल्याकडे पाहिले तर तो वर्ज्य ठरत नाही. किल्ला हा आश्रयही आहे. अंबरखान्यातील धान्य, पाण्याच्या विहिरी, तटाच्या आत सुखरूप राहिलेली रयत हे सारे त्यात येते. मुलांनी तोफेआधी कोठी बांधावी, तलवारीआधी विहीर खणावी, एवढे सुचवता येईल. खटकते ती दुसरीच प्रथा. दिवाळी सरली की बुरुजात सुतळी बॉम्ब खोचून किल्ला उडवून द्यायचा, मावळे कसे फुटतात ते पाहून टाळ्या पिटायच्या, हा प्रकार अनेक गल्ल्यांत चालतो. आसपासच्या मुंग्या-किड्यांची जी हिंसा होते ती वेगळीच. त्याहून गंभीर आहे चार दिवस जपून घडवलेली वस्तू उद्ध्वस्त करण्यात आनंद मानण्याची सवय. पिठाच्या कोंबड्याची कथा ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्याच्या अंगणात तरी हे घडू नये.

यंदा आपल्या युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी मिळून एक साधा उपक्रम हाती घ्यावा असे वाटते. दिवाळीपूर्वी महिनाभर, दर रविवारी दोन तास, बोर्डिंगच्या सभागृहात वा मंदिराच्या आवारात मुलांना एकत्र बसवावे. सुतारकाम, मशीनशॉप, फाउंड्री, सराफी, शिवणकाम जाणणारे जाणते लोक आपल्यात भरपूर आहेत. त्यांनी मोजपट्टी, गुण्या आणि कैवार कसा धरायचा ते शिकवावे. प्रत्येक गटाने एकच वास्तू निवडावी आणि आधी तिची मापे वहीत उतरवावीत.

दिवाळीच्या अमावास्येला पहाटे भगवान महावीरांचे निर्वाण झाले, हे ध्यानात घेऊन एका गटाने पावापुरीचे जलमंदिर करावे. तेथील पूल सुमारे ६०० फूट लांब आहे. १:१०० प्रमाणात तो सहा फुटांचा होईल आणि फ्लॅटच्या गॅलरीत मावणार नाही. १:२०० घेतले तर तीन फुटांत बसतो. पाण्याच्या जागी आरसा ठेवावा, म्हणजे मंदिराचे प्रतिबिंबही दिसेल आणि साचलेल्या पाण्यात जीवही पडणार नाहीत. कागदाची कमळे आणि काचेच्या आडोशातला मंद दिवा एवढी सजावट पुरे. निर्वाणलाडू अर्पण करून घरी परतलेली आजी त्या पुलावरून नुसती नजर फिरवील, तेव्हा तिची पावापुरीची वंदना घरबसल्या होईल.

कार्तिकी पौर्णिमेनंतर सर्वांनी मिळून आपापले काम उकलावे. मावळे कापडात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवावेत, पुठ्ठे जपावेत, माती तुळशीच्या कुंडीत घालावी. मापांची वही मात्र टाकू नये. ती चोपड्यांच्या शेजारी ठेवावी.